सरांचा डोस

“काकू, अजिबात काळजी करू नका. सरांचाच डोस लावतेय,” डॉक्टर म्हणाली आणि तिने औषधाची पिशवी सलाईनच्या दांडीला अडकवली.

पलंगाशेजारी उभ्या असलेल्या सरांनी हात पुढे केला. “थांब जरा.”

ही डॉक्टर त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. रक्तात जंतू पसरले की पहिला डोस मोठा द्यायचा आणि मग उतरवत न्यायचा, हे सरांनी संशोधन करून दाखवून दिलं होतं. तो लेख दूरदूरपर्यंत वाचला गेला. या हॉस्पिटलात तर त्या औषधाचं नावही कुणी घेत नसे, ‘सरांचा डोस’ म्हटलं की नर्सला कळायचं. आता पलंगावर सरांची बायको होती. तापाने तोंड लाल झालेलं, हाताला सुई.

सरांनी डॉक्टरला दाराशी नेलं.

“हिच्या किडन्यांचा रिपोर्ट पाहिलास?”

“पाहिला. किडन्यांचं काम कमी आहे.”

“फारच कमी आहे. अशी माणसं आम्ही अभ्यासात घेतलीच नव्हती.”

डॉक्टरच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. “एकही नाही?”

“एकही नाही. किडन्या आधीच कमजोर असल्या की माणूस आजाराने बिघडला की औषधाने, ते सांगता येत नाही. म्हणून अशांना सुरुवातीलाच वगळतात. लेखाच्या शेवटी लिहिलं होतं मी, अशा रुग्णांवर अधिक अभ्यासाची गरज आहे म्हणून.”

“ते तर सगळेच लिहितात, सर.”

“हो.”

“मग केला का कुणी तो अभ्यास?”

“मी करणार होतो. तेवढ्यात लशीचं काम आलं. मग राहूनच गेलं.”

डॉक्टरने एकदा पलंगाकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, “सर, मागच्या महिन्यात मी अशाच दोघांना पूर्ण डोस दिला. तुमच्या भरवशावर.”

“मग?”

“एक जण घरी गेला.”

“आणि दुसरा?”

डॉक्टर पायातल्या चपलांकडे बघू लागली. “त्यांचं वय खूप होतं, सर.”

“मला ऐकू येतंय बरं का,” पलंगावरून आवाज आला. “किडन्या बसल्यात, कान शाबूत आहेत.”

दोघं परत पलंगापाशी आली. पिशवी तशीच लटकत होती, नळीवरची थेंब सोडायची चाकी अजून बंद होती.

“किती देऊ ते तुम्हीच सांगा,” डॉक्टर म्हणाली. “पूर्ण दिला तर किडन्या बंद पडतील. कमी दिला तर जंतू आवरणार नाहीत. आणि थांबायला वेळ नाही.”

सर पिशवीवरचा आकडा पुन्हा वाचू लागले.

“अहो, सांगा की तिला,” बायको म्हणाली. “घरी चहा किती उकळायचा यावर मला व्याख्यान देता.”

“मला माहीत नाही,” सर म्हणाले.

बायकोने डॉक्टरकडे पाहिलं. “ऐकलंस? साक्षीदार आहेस तू. लग्न झाल्यापासून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकतेय.”

डॉक्टरला हसू आलं नाही. “सर, तुम्हीच असं म्हणालात तर मी कुणाला विचारू?”

सरांनी तोंडावरून हात फिरवला. “अर्धा लाव. मधून मधून रक्त तपासत राहू. त्यावरून पुढचं ठरवू.”

“अर्ध्याला आधार काय, सर?”

“काही नाही.”

डॉक्टरने दुसरी, लहान पिशवी मागवली. नर्सने ती लावली. चाकी फिरली आणि नळीत थेंब पडायला लागले. डॉक्टर शेजारच्या पेशंटकडे गेली, पण तिथून सारखी मागे वळून बघत होती.

“आता काय होणार?” बायकोने विचारलं.

“श्वास जड वाटला तर लगेच सांग. कानात आवाज आला तरी सांग. अंगावर कुठे सूज आली, मळमळलं...”

“आणि एवढं सगळं सांगूनही काही उपयोग झाला नाही तर?”

सरांनी चादर नीट केली. ती आधीपासून नीटच होती.

“तर लिहून काढा,” ती म्हणाली. “तुमच्या त्या लेखांसारखं. माझ्यासारख्या म्हाताऱ्या पुढेही येतीलच की इथे. त्यांच्या कामी येईल. माझं नाव मात्र नको हं.”

“नाव नसतं त्यात.”

“मग काय असतं?”

“वय. आणि स्त्री की पुरुष.”

“एवढंच?”

“एवढंच.”

तिने डोळे मिटून जरा विचार केला. “मग वय थोडं कमी करून लिहा.”

“असं खोटं लिहीत नाहीत गं,” सर म्हणाले.

“मग लिहायची वेळच आणू नका,” ती म्हणाली.

सरांनी खुर्ची पलंगाला चिकटवली आणि तिचे ओठ निळे पडत नाहीत ना, ते बघत बसले.