हरपू नये म्हणून

मिशनच्या कॉलेजात नव्या पोरींच्या स्वागताची जुनी रीत होती. प्रत्येकीनं घरून आणलेलं ताट ढिगात ठेवायचं, हाती येईल त्यात जेवायचं. "इथं तुझं-माझं नाही, आपण एकाच घरचे," फादर म्हणाले. रांगेच्या शेवटी उभ्या आम्रपालीला ते आवडलं. पुसदच्या बाजारात तिच्या ताटावर नाव कोरून घेताना बाप म्हणाला होता, "पुरं टाक भाऊ, आडनावासकट. पोरीचं ताट हरपाले नाई पाह्यजे." पहिलीनं तेच ताट उचललं, नाव वाचलं आणि परत ढिगावर ठेवून दुसरं घेतलं. दुसरीनंही तसंच केलं. मग आम्रपालीची रूममेट आली. तिनं सकाळीच हिच्या डब्यातली चटणी बोटं चाटून खाल्ली होती. आडनाव वाचताच तिनं मागं वळून पाहिलं आणि हात ओढणीला पुसले. आम्रपालीची पाळी आली तेव्हा टेबलावर एकच ताट उरलं होतं. ते हरपलं नव्हतं.