एका डब्यात मावतील तेवढेच डाय

"फुलपाखरू नको," आई म्हणाली.

"अहो, पण किती नाजूक आहे!" सुनेने डाय उजेडात धरला.

"नाजूक आहे म्हणूनच नको. कागद त्याच्या मिशांत अडकतो. एक फुलपाखरू सोडवत बसायचं, तेवढ्यात साधी चार कार्डं होतात. ठेव तिकडे."

नको असलेल्यांचा ढीग बराच मोठा झाला होता. बिस्किटांचा पत्र्याचा डबा मात्र अजून अर्धा रिकामा होता. डाय म्हणजे धातूचे हे पातळ साचे आईने वर्षानुवर्षं जमवले होते. कागदावर साचा ठेवायचा, हाताच्या यंत्रातून दाबून काढायचा, की कागद त्याच आकारात कापून निघतो. त्यावर तिने गावभरच्या वाढदिवसांची आणि लग्नांची कार्डं केली होती. आता त्यातले डबाभरच न्यायचे होते.

एक डबा, एक बॅग आणि यंत्र, असं मुलाने ठरवलं होतं. मावशीच्या घरामागची खोली लहान आहे, हेही त्यानेच सांगितलं. खोली त्याने पाहिली नव्हती, पण न पाहिलेल्या गोष्टींबद्दल त्याची मतं फार पक्की असत. आईला बहिणीची सोबत होईल आणि आईच्या खोलीत आपलं ऑफिस थाटता येईल, असा त्याचा बेत होता. घर आईचं, खोली आईची. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. आई बरेच दिवस भांडली. मग एका सकाळी म्हणाली, "बरं. मावशीला सांग, खोली झाडून ठेव." आपण जिंकलो, असं त्याला वाटलं.

"झालं का?" तो बाहेरून ओरडला. सोफ्यावर बसून उंटावरून शेळ्या हाकणं चाललं होतं. "दोघींना मिळून एक डबा भरता येत नाही!"

"तुला एवढी घाई असेल तर तू बस डब्यात," आई म्हणाली.

सुनेला हसू आलं. तिने ते घाईघाईने गिळलं.

"आता तू काढ," आई तिला म्हणाली.

"मी?"

"मग काय यंत्र काढणार?"

सुनेने 'अभिनंदन' असा अख्खा शब्द कापणारा डाय उचलला. आईने मान हलवली. "शब्द हाताने लिहायचा. त्याला धातू कशाला? आकडे घे. माणसं दर वर्षी एकाने वाढतात."

आकडे डब्यात गेले. मग एकात एक बसणारे चौकोन, तसेच गोल, झालरीची कड. पानांच्या पाच डहाळ्या होत्या, त्यातली एकच घेतली. उलटसुलट लावली की तिचीच बाग होते, असं आईचं म्हणणं. पाकिटाचा डायही घेतला. पाकिटाशिवाय कार्ड म्हणजे धोतराशिवाय नवरदेव, असंही तिचं म्हणणं.

"बदाम?" सुनेने विचारलं.

"तुला काय वाटतं?"

"मला नाही आवडत."

"खपतो मात्र तोच."

सुनेने बदाम डब्यात ठेवला. "मग घेऊ या. पोटाचा प्रश्न आहे."

"आता कशी बोललीस! प्रत्येक डाय चालवून बघ. बोथट असेल तर ओझं कशाला वागवायचं?"

सुनेने पाकिटाचा डाय ठेवला, हँडल फिरवलं. कागद होता तसाच बाहेर आला. यंत्रातल्या वरच्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर मात्र पाकिटाचा खोल व्रण उठला.

दारात येऊन उभा राहिलेला मुलगा हसला. "हिला साधा कागद कापता येत नाही, आणि म्हणे नोकरी करायची होती!"

ती नोकरी त्यानेच सोडायला लावली होती. सुनेने मान खाली घातली.

"धार खाली, कागदाकडे," आई म्हणाली. "पुन्हा फिरव."

"आई, तूच कर ना. तिच्याच्याने..."

"तू तोंड बंद ठेव. पुन्हा फिरव गं."

सुनेने डाय उलटा केला. ह्या वेळी पाकीट अलगद सुटून आलं. आईने ते मुलाच्या नाकासमोर धरलं. त्याचा तिला संताप आला होता आणि तो लपवायची तिला मुळीच गरज वाटली नाही.

"एवढा खटाटोप कशाला?" तो म्हणाला. "मी तिकडे पैसे पाठवीनच की."

"तिकडे तुझी दमडी नको. ह्या डब्यावर भागवायचं ठरलंय."

"फार मानी आहेस."

"आहेच."

त्याने खांदे उडवले. "आणि तुझे कपडे अजून दोरीवर आहेत. ते राहतील."

"राहू देत."

खाली मावशीची गाडी आली. सुनेने सकाळीच भरून ठेवलेली बॅग आणि चादरीत गुंडाळलेलं यंत्र मुलाने खाली नेलं. त्या दिवशी त्याने उचललेल्या त्या पहिल्याच वस्तू. डब्यातले साचे हलायला नकोत म्हणून सून डबा मांडीवर घेऊन गाडीत मागे बसली. वाकून आईच्या पाया पडायचं ते तिने वरच उरकलं होतं, आणि आईने तिला नको इतका वेळ जवळ धरलं होतं.

मुलगा आईला हात द्यायला वर आला. आई खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती.

"चल ना, गाडी थांबली आहे."

तेवढ्यात खाली इंजिन सुरू झालं. तो खिडकीकडे धावला. गाडी कोपऱ्यावरून वळत होती.

"अरे, थांब! आई, गाडी गेली! ही बावळट तशीच बसून राहिली आत! तुला न घेताच गेले!"

"ओरडू नकोस," आई म्हणाली. "मी माझं घर सोडून कशाला जाईन? तुला सोडून जायचं होतं ते तिला."