उलटे हंडे

"अगं बाई, बारमध्ये हंडे?" आई हसली. उद्घाटनाआधी मी तिला बारच्या सजावटीचं माझं काम दाखवायला आणलं होतं. जुन्या बाजारातून घेतलेले तांब्याचे हंडे मी काउंटरच्या वर उलटे टांगून त्यांचे दिवे केले होते. जुनेपणा दिसावा म्हणून त्यांच्यावरची नावं न वाचताच तशीच ठेवली होती.

एका हंड्याखाली आईने मान वाकडी करून अक्षरं वाचली.

'चि. सौ. कां. हेमांगीस, आईकडून.'

सुखात नांदणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीला लग्नात दिलेला हंडा! दुकानदार म्हणाला होता, एक बाई अधूनमधून एकेक भांडं आणून विकते.

आईने फोन स्पीकरवर लावला. "हेमा, पाणी कशात भरतेस गं?"

"तू दिलेल्या हंड्यात की!" हेमांगी हसत म्हणाली.