दहावी जागा

ओडमबाईंनी पत्र टेबलावरून पुढे सरकवलं. लामाँट टीझलीने त्यावर एकदा नजर टाकली आणि ते परत केलं.

"पूर्ण वाचा तरी," बाई म्हणाल्या. "तुमच्याबद्दलच आहे."

"कळलं मला."

पत्र निनावी होतं, टाइप केलेलं, चार ओळींचं. व्यायामशाळेचे कोच टीझली दर मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी मागच्या मैदानात बचावफळीच्या पोरांना अमेरिकन फुटबॉलचे डाव शिकवतात. हे नियमात बसत नाही. कॉलेजने चौकशी करावी.

नियमात बसत नव्हतंच. पोरांकडून वजनं उचलवून घेणाऱ्याने व्यायामशाळेत राहायचं. मैदानावर खेळ शिकवायचा तो नेमलेल्या दहा कोचांनी. नियम पाळले जातात की नाही ते बघणं हे ओडमबाईंचं काम, आणि त्या कुणाची भीड ठेवत नसत.

"खरं आहे हे?"

"खरं आहे. जानेवारीपासून."

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. त्या खुर्चीत बसलेला माणूस आधी कानावर हात ठेवतो, हा त्यांचा आजवरचा अनुभव. पोरांचे जबाब घेऊन शुक्रवारी मुख्य कोचांपुढे अहवाल ठेवीन, नोकरीही जाऊ शकते, असं त्यांनी सांगितलं. लामाँटने मान हलवली.

तेरा वर्षं तो या कॉलेजात होता. मैदानावरची जागा त्याने मुख्य कोच हॅवर्टींकडे तीनदा मागितली होती. तिन्ही वेळा हॅवर्टींनी त्याच्या पाठीवर थाप मारून एकच उत्तर दिलं होतं, "तू पोरांचे दंड घडव. खेळ शिकवायला माणसं आहेत." जानेवारीत बचावफळीचा कोच मोठ्या कॉलेजात गेला आणि दहावी जागा रिकामी झाली. हॅवर्टींनी तिच्यासाठी टेक्सासचा एक अठ्ठावीस वर्षांचा तरुण हेरून ठेवला होता. सोमवारी त्याचं नाव जाहीर होणार होतं.

शुक्रवारपर्यंतचे तीन दिवस लामाँटच्या पायाला भिंगरी लागली होती. जागच्या जागी असलेली वजनं तो पुन्हा उचलून लावायचा. जेवायला बसला की दोन घासांत उठायचा. त्याची मुलगी इमानी याच कॉलेजात शिकत होती आणि बापाच्या नोकरीमुळे तिची फी माफ होती. नोकरी गेली तर तिचं शिक्षणही अर्ध्यावर.

बुधवारी कोबी आला. बचावफळीतला सगळ्यात धिप्पाड पोरगा, पण तोंड एवढंसं झालेलं. दुपारी ओडमबाईंनी त्याला बोलावलं होतं.

"कोच, तुम्ही काही शिकवलंच नाही असं सांगतो मी. बाकीचेही तेच सांगतील. आमचं ठरलंय."

"अजिबात नाही. खरं तेच सांगायचं. पहिलं पाऊल कुठलं, हात कुठे लावायचा, सगळं सांग. वाटलं तर करून दाखव."

"तुमची नोकरी जाईल ना, कोच."

"माझं मी बघतो. तू खोटं बोलायचं नाहीस."

घरी त्याच्या बायकोच्या, रेनिटाच्या जिवाला घोर लागला होता. तिचा संशय जॅरडवर, लामाँटच्या हाताखालच्या मदतनिसावर. व्यायामशाळेच्या किल्ल्या त्याच्याकडे, कोण कधी येतं ते त्यालाच ठाऊक. घरचा भुंगाच पोखरतो, असं ती म्हणाली.

"जॅरडचं नाव घेऊ नकोस," लामाँट म्हणाला. "त्याने नाही लिहिलं."

"तू सगळ्यांनाच साधू समजतोस."

तो बाहेर गेला आणि कालच धुतलेली गाडी पुन्हा धुवायला लागला.

शुक्रवारी दहा वाजता हॅवर्टींच्या खोलीत बोलावणं आलं. हॅवर्टी लालबुंद होऊन बसले होते. लामाँटकडे त्यांनी पाहिलंही नाही. ओडमबाईंनी शांतपणे हिशेब मांडला. जो मैदानावर शिकवतो तो दहांत धरला जातो. सध्या नऊच आहेत. टीझलींना दहावं नेमलं तर झालेली चूक कागदोपत्री किरकोळ ठरते. बाहेरून दुसरा आणला तर टीझली अकरावे ठरतात. मग त्यांना काढावं लागेल, शिवाय शिक्षा म्हणून संघाच्या सरावाचे सहा दिवस जातील.

"म्हणजे माझा गळाच धरलात," हॅवर्टी म्हणाले.

"आधी जबाब वाचा."

जबाब नऊ पोरांचे होते. हॅवर्टी वाचत गेले, तसे त्यांच्या चेहऱ्यावरचे भाव बदलत गेले. कोबीने डाव करून दाखवताना बाईंचं कपाट हातभर मागे सरकवलं होतं, हेही बाईंनी नोंदवलं होतं. शेवटचं पान खाली ठेवून हॅवर्टींनी समोरचा गडी दोघांच्या मधून घुसला तर काय, असं विचारलं. लामाँट उत्तर द्यायला उठला आणि खोलीच्या मधोमध वाकून उभा राहिला. पुढची वीस मिनिटं दोघांपैकी कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही.

"तेरा वर्षं हे सगळं कुठे दडवलं होतंस?" हॅवर्टी म्हणाले.

"तुम्ही कधी विचारलं नाहीत, कोच."

"सोमवारपासून मैदानावर ये."

दारापर्यंत ते सोबत आले. ज्याने तुझा काटा काढायला पत्र लिहिलं त्याला मी शोधून काढतो, असं त्यांनी दात खात सांगितलं. राहू द्या, लामाँट म्हणाला.

घरी त्याने बातमी सांगितली तेव्हा रेनिटा ओट्याला टेकून रडली, मग हसली. मग डोळे पुसून बिस्किटं ओव्हनमध्ये सारायला लागली. मध्येच थांबली.

"तरी तो कोण असेल रे? असं लिहिताना किती विष असेल त्याच्या मनात."

लामाँट खुर्चीत बसला. आठवडाभरात पहिल्यांदाच तो नीट टेकून बसला होता.

"विष नव्हतं गं," तो म्हणाला. "चार वेळा फाडलं मी ते. पाचव्यांदा टाकलं पोस्टात."