बाबलीची पहिली होडी

"ही नको," गुणाजी म्हणाला. "हिका पाणी लागलेला आसा."

भिकाजी मेस्त्रीने हातातला लाकूड तासायचा वाकस खाली ठेवला. चाळीस वर्षं तो खाडीकाठच्या मांगरात होड्या बांधत होता. होडीला पाणी लागलं म्हणून नाक मुरडणारं गिऱ्हाईक त्याने आज पहिल्यांदा पाहिलं.

"होडयेक पाणी नाय तर काय दूध लागतला?"

"माका कोरी होयी. बाबलीची पयली होडी ती."

बाहेर आषाढ नुसता ओतत होता. दर्या बंद, होड्या माडाच्या झापांखाली उताण्या-पालथ्या पडलेल्या. नारळी पौर्णिमेआधी कोणी पाण्यात पाय घालणार नव्हतं. आणि हा शहाणा दोन कोस भिजत होडी निवडायला आला होता. पण भिकाजीने त्याला हसून घालवलं नाही. बाबलीचं दुखणं सगळ्या किनाऱ्याला ठाऊक होतं.

बाबली गुणाजीचा एकुलता एक. चोवीस वर्षांचा. दहा वर्षं त्याने रापणीत लोकांच्या जाळ्याची दोरी ओढली आणि दहा वर्षं एकच पालुपद लावलं, माझी होडी झाली की बघा. मग छातीने दगा दिला. चैत्रात इस्पितळाने 'घरी न्या' एवढंच सांगितलं. तेव्हापासून त्याने भिंतीकडे तोंड केलं होतं. त्याची आई पार्वती पेज पुढे ठेवायची आणि तशीच उचलून न्यायची.

आणि गेल्या सोमवारी तो आपणहून उठून बसला. म्हणाला, "बाबा, माका होडी होयी."

पार्वतीने देवापुढे नारळ ठेवला. गुणाजी लगेच होडीच्या शोधाला लागला. ज्याला होडी हवी त्याला दर्यावर जायचंय, आणि ज्याला दर्यावर जायचंय तो काही मरायला टेकलेला नाही, असा त्याचा सरळ हिशेब होता. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. गुणाजीला अख्खी होडी मिळत होती.

"मग सागाची घे," भिकाजी म्हणाला. "जल्मभर टिकतली."

"आंब्याची. तेना तसा बजावन सांगल्यान."

"आंबो लवकर कुजता रे."

"कुजांदे. तेका आंब्याचीच होयी."

मांगराच्या टोकाला माळ्याखाली एक लहान होडी होती. एका माणसाने वल्हवावी एवढीच. दोन वर्षांपूर्वी बांधलेली, पण गिऱ्हाईक फिरकलं नाही म्हणून तशीच राहिलेली. गुणाजीने फळीवर बोटं वाजवली. खणखणीत आवाज आला.

"ही बरी."

"बरी, पण वाळली भारी. चार दिस पाणी भरून ठेवतंय. फळये फुगले की सांधे बसतले. नायतर दर्यात घातल्या घातल्या गळतली."

"पाणी नको."

"अरे, पण..."

"तेल पाज. माशाचा. भरपूर. पाणी नको म्हणान सांगल्यान."

भिकाजीने मान हलवली. दुखणाईताच्या हट्टापुढे कारागिरी चालत नाही, हे त्याला या वयात कळत होतं. होडीच्या बदल्यात गुणाजीने आपली म्हैस त्याच्या गोठ्यात बांधायची, एवढ्यावर व्यवहार मिटला. भिकाजीने दोन हात तेल चढवलं.

"पुनवेक अजून वीस दिस आसत. येवडी घाई कित्याक?"

"तो म्हणता, बेगीन हाड. तेचो जीव लागलो हा."

तेल जिरेपर्यंत दोघे विड्या ओढत बसले. भिकाजी जरा वेळाने म्हणाला, "गेल्या पावसात तुझो भाव रामचंद्र गेलो, तेवा माका येवक गावला नाय."

"नाय इलंस ता बरा झाला," गुणाजी म्हणाला आणि पावसाकडे बघत राहिला.

तिसऱ्या दिवशी वाडीतल्या चार जणांनी होडी खांद्यावर घेतली. वरून झापांचे तीन थर. तरी गुणाजी पुढे-मागे पळत होता. "भिजाक नको रे, भिजाक नको." एक जण म्हणाला, "काका, होडी ती, मीठ न्हय." सगळे हसले, गुणाजीही हसला. वर्षभरात तो असा हसला नव्हता.

होडी बाबलीने सांगितल्या जागीच ठेवली, पडवीत, चुलीच्या भिंतीला लागून. तिथली ऊब पावसाळाभर हटत नाही. गुणाजीने पोराला आधार देऊन बाहेर आणलं. काय वजन राहिलं होतं त्याच्यात! बापाला एका हातानेसुद्धा पेलला असता.

बाबलीने होडीवरून तळवा फिरवला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश. मग तळवा नाकाशी नेला.

"तेल बरा जिरला हा," तो म्हणाला. "कोरडी आसा मां?"

"खडखडीत. एक थेंब लागाक दिलंय नाय."

बाबली हसला. चैत्रानंतर पहिल्यांदा. पार्वती दारात उभी होती. तिने पदर तोंडाला लावला. गुणाजीने पोराला होडीच्या काठाला टेकवून बसवलं.

"आता पेज खा," तो म्हणाला. "अंगात ताकद येवक होयी. पुनवेक नारळ तुझ्याच हातान सोडूचो."

बाबलीने बापाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"गेल्या आषाढात रामचंद्रकाकाची चिता तीनदा विझली," तो म्हणाला. "लाकडां ओली. तुमी दिसभर पावसात फुकीत बसल्लास, रडत. माझ्या वेळेक तसा नको. ही फोडून घेवा, बाबा. एका काडयेत पेटतली."