बर्फावर कोण गेलं होतं

“हे सगळं खरंच असं घडलं होतं का हो, सर?” तिसऱ्या रांगेतल्या शिक्षिकेनं विचारलं.

लायमन पेल्कीनं पुस्तक मिटलं. मोठ्या शहरांत नाव झालं, तरी स्वतःच्या गावात, या छोट्याशा ग्रंथालयात, तो आज पहिल्यांदाच वाचत होता. त्याच्या कवितांना यमक नसे, तोडलेल्या ओळीही नसत. साध्या गद्यातला एकेक परिच्छेद, शेजारी बसून कुणी सांगावा तसा. त्यातला एक तीस वर्षांपासून शाळेच्या पुस्तकात होता. नदीवरचा बर्फ फुटतो. धाकटी बहीण नोरीन आत पाण्यात जाते. मोठा भाऊ घाबरून पळतो आणि गोठ्यातल्या गवतात दडतो. कवितेतला ‘मी’ मात्र पोटावर सरपटत जातो. त्याच्या हाती नुसता तिचा लाल हातमोजा येतो.

तो मोठा भाऊ, हॉलिस, मागे दारापाशी बसला होता. चाळीस वर्षं कागदाच्या गिरणीत राबलेला. जेवणाच्या सुट्टीत तिथले लोक विचारायचे, “काय हॉलिस, आज कुठल्या गवतात?” तो डबा उघडायचा.

“कवितेतला मी म्हणजे...” लायमननं सुरुवात केली. हे उत्तर त्यानं शंभर ठिकाणी दिलं होतं. इथे त्याची नजर दारापाशी गेली.

हॉलिस उठून उभा राहिला. “खरं आहे, बाई. पळालो तो मी. हा गेला होता बर्फावर. नऊ वर्षांचं पोर!”

कुणीतरी लायमनच्या पाठीवर थाप मारली. त्याचे कान तापले. लोक कॉफी घ्यायला उठले तसा तो दारापाशी गेला.

“का बोललास असं?”

“मग काय, गावासमोर तुला उघडा पाडू? आणि पळालास त्यात तुझं काय चुकलं रे? मीच ओरडलो होतो ना, पळ म्हणून? दोघांचं वजन पेललं नसतं त्या बर्फानं.”

“आणि मी जे लिहिलं ते?”

हॉलिसनं टोपी घातली. “ते तुझं तू बघ.”

लायमन परत ध्वनिक्षेपकापाशी आला. हातात कागद नव्हता. तो बोलू लागला.

“पळालो मी. हॉलिस नाही. मी गवतात तोंड खुपसून पडलो होतो. बाहेर हॉलिस तिला हाका मारत होता. त्या ऐकू येऊ नयेत म्हणून मी कान दाबून धरले. मोठा झाल्यावर त्याचं धाडस मी माझ्या नावावर लिहिलं, आणि माझी भीती त्याच्या. लोकांनी मला हार घातले, त्याला टोमणे मारले. मला ते ठाऊक होतं. मी गप्प बसलो.”

लायमन मान खाली घालून उभा राहिला. आता कुणीतरी शिवी देईल, निदान निघून तरी जाईल, याची वाट बघत.

टाळ्यांचा कडकडाट झाला.

शिक्षिका डोळे पुसत पुढे आली. “काय सुंदर, सर! ही नवीन कविता ना? कुठल्या पुस्तकात येणार आहे?”