आठच्या आत

"तीन महिन्यांत फक्त दोनशे ग्रॅम?" आहारतज्ज्ञ बाई काट्याकडे आणि माझ्या पोटाकडे आळीपाळीने बघत म्हणाल्या. "दुपारी बारा ते रात्री आठ, एवढ्यातच खायचं ठरलं होतं ना? आठनंतर चोरून खाता का?"

"शपथ, नाही! आठच्या आत जेवायचं म्हणून घड्याळदुरुस्तीचं दुकान दहाऐवजी सातलाच बंद करतो. घरी जाऊन बाबांबरोबर पानावर बसतो. त्यांचं जेवण सावकाश. तोवर नुसतं काय बसायचं, म्हणून मी दोनदा वाढून घेतो."

बाईंनी कपाळावर हात मारला. "मग रात्रीचं जेवणच बंद करू. दुपारी चारला दुकानातच खाऊन घ्या, पुढे काही नाही."

"तेवढं नका हो सांगू." मी बाकावर बसलेल्या बाबांना हात धरून काट्यावर उभं केलं. आई गेल्यापासून ते एकटेच जेवायचे, म्हणजे ताट चिवडून उठायचे. पहिल्या भेटीत ते सोबत आले होते, तेव्हा बाईंनी सहज त्यांचंही वजन लिहून घेतलं होतं: त्रेचाळीस किलो.

काटा अठ्ठेचाळीसवर थांबला.

मी हात जोडले. "बाई, तुमचं पथ्य अगदी लागू पडलंय. फक्त माणूस चुकला."

बाबांनी चपला पायात सरकवल्या आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "आटपा लवकर. आम्हाला आठच्या आत जेवायचंय."